विकायची नसलेली गिटार

ज्याची धून जगानं कोट्यवधी वेळा मोबाइलवर ऐकली, त्याला स्वतःची चांगली गिटार मिळेपर्यंत तीनदा घर सोडून पळावं लागलं होतं. फ्रान्सिस्को तारेगा आणि त्याच्या ड्रीम गिटारची ही गोष्ट.

नोकियाची रिंगटोन आठवते? तुमच्या हातात आला तो थेट स्मार्टफोन असेल कदाचित, पण आईचा, काकाचा, शेजारच्या आजोबांचा फोन वाजताना ती तुम्ही ऐकलीच असणार. तेरा सुरांची धून. नव्वदच्या दशकात एका फिनिश कंपनीनं ती उचलली आणि एसटी स्टँडपासून लग्नाच्या हॉलपर्यंत सगळीकडे ती वाजायला लागली. ती मूळची गिटारची आहे. 'ग्रान वाल्स' नावाच्या एका वॉल्ट्झमधला तो छोटासा तुकडा. लिहिणारा माणूस स्पेनचा. नाव फ्रान्सिस्को तारेगा. त्याची धून फोनवर चढली तेव्हा त्याला जाऊन ऐंशीहून जास्त वर्षं झाली होती.

हे सगळं क्विझमध्ये विचारण्यासारखं आहे, ठीक आहे. पण तारेगाची खरी गोष्ट रिंगटोनची नाहीच. ती एका गिटारची आहे. आपल्यातल्या प्रत्येक ग्रुपमध्ये एक तरी जण असतो, जो महिनोन् महिने गिटारचे रिव्ह्यू बघतो, म्युझिक शॉपमध्ये जाऊन दहा गिटारी हातात घेतो आणि शेवटी काहीच न घेता घरी येतो. अशा सगळ्यांनी हे वाचायला हवं.

कालव्यात पडलेलं पोर

स्पॅनिश फुटबॉल बघणाऱ्यांना व्हिलारेआल हे नाव माहितीच असेल. पिवळ्या जर्सीवाली टीम. ती ज्या गावाची, त्याच गावात १८५२च्या नोव्हेंबरमध्ये तारेगा जन्मला. व्हॅलेन्सियाच्या वर, समुद्राकडेचा हा भाग. संत्र्यांच्या बागा आणि त्यांना पाणी देणारे कालवे. घर गरीब. वडील रखवालदारीचं काम करायचे, आई तिथल्या नन्सच्या मठात कामाला. वडिलांकडे एक गिटार होती आणि ते ती हौसेनं वाजवायचे. ते कामावर गेले की पोरगं ती काढून तारा छेडत बसायचं.

लहान असतानाच तो एकदा कालव्यात पडला. जीव वाचला, पण डोळ्यांना इजा झाली ती कायमची. वडिलांच्या मनात धास्ती बसली की या पोराची दृष्टी एक दिवस पूर्ण जाणार. त्या काळात आंधळ्या माणसानं पोट कसं भरायचं? एकच रस्ता माहीत होता, तो म्हणजे वाजवणं. मग कुटुंब जवळच्या कास्तेयोन शहरात राहायला गेलं आणि पोराला संगीताची शिकवणी लावली. योगायोग बघा, त्याचे पहिले दोन्ही शिक्षक, पियानोचा आणि गिटारचा, स्वतः आंधळे होते.

म्हणजे बाकीच्यांच्या घरी 'गाणंबजावणं करून पोट भरतं का' असं विचारतात. इथे बापानंच पोट भरावं म्हणून पोराला गाण्याकडे ढकललं होतं. पण एक अट होती. पियानो शिकायचाच. गिटारवर वडिलांचा स्वतःचा जीव असला तरी भरवसा नव्हता. आणि त्यांचंही चुकत नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात स्पेनमध्ये गिटार घरोघरी होती, न्हाव्याच्या दुकानात होती, दारूच्या गुत्त्यात होती, गाणाऱ्याच्या मागे होती. मैफलीच्या स्टेजवर मात्र जवळपास नव्हती. तिथे पियानोचं राज्य होतं. गिटारवाल्याला लोक प्रेमानं ऐकायचे आणि चिल्लर देऊन वाटेला लावायचे.

तीनदा पळाला

दहा वर्षांचा असताना हुलियान आर्कास नावाचा त्या वेळचा मोठा गिटारवादक कास्तेयोनला आला. त्यानं पोराचं वाजवणं ऐकलं आणि वडिलांना सांगितलं की याला माझ्याकडे बार्सिलोनाला पाठवा. वडिलांनी पाठवलं, अर्थात पियानोच्या अटीसह. पण आर्कास थोड्याच दिवसांत परदेश दौऱ्यावर निघून गेला. आता दहा वर्षांचं पोर काय करेल? हे पोर पळालं. बार्सिलोनाच्या कॉफीहाउसांत आणि खानावळीत जाऊन वाजवायला लागलं. वडिलांनी शोधून परत आणलं.

तेराव्या वर्षी पुन्हा पळाला. या वेळी व्हॅलेन्सियाला, आणि तिथे जिप्सींच्या टोळीत सामील झाला. पुन्हा वडिलांनी शोधून आणलं. तिसऱ्यांदा पळाला, परत व्हॅलेन्सियालाच. हे वाचायला मजेशीर वाटतं, चरित्रकारांनीही ते रंगवून लिहिलंय. मला मात्र त्या वडिलांचा विचार येतो. अंधुक दिसणारा मुलगा, अनोळखी शहरं, आणि ट्रंक कॉलचाही जमाना नाही.

यातून एक झालं. पंधरा-सोळा वर्षांचा होईपर्यंत पोरगा पियानो आणि गिटार दोन्हीवर तयार झाला. बुरियाना नावाच्या गावात कसिनोमध्ये पियानो वाजवायचं काम मिळालं. कसिनो म्हणजे जुगाराचा अड्डा नव्हे, गावातल्या प्रतिष्ठितांचा क्लब. तिथे अंतोनियो कानेसा नावाच्या पैसेवाल्या व्यापाऱ्याला तो आवडला. कानेसानं त्याला हाताशी धरलं. शिक्षणाचा खर्च करायचं कबूल केलं. आणि १८६९मध्ये त्याला घेऊन तो थेट सेव्हिलला गेला. कशाला? तर गिटार घ्यायला.

सेव्हिलचा सुतार

सेव्हिलच कशाला, हे समजायला अंतोनियो दे तोरेस हा माणूस समजून घ्यायला हवा. खरं तर त्याच्यावर वेगळा लेखच व्हायला हवा, पण थोडक्यात सांगतो.

तोरेस १८१७चा, अल्मेरियाजवळच्या खेड्यातला. लहानपणीच सुतारकाम शिकायला लागला. तरुणपणीच लग्न, मुलं गेली, बायको क्षयानं गेली. मग सेव्हिल गाठलं. गिटार बनवायला तो गंभीरपणे लागला तो तिशी उलटल्यावर, आणि त्याला त्यात पडायला सांगणाऱ्यांत एक नाव हुलियान आर्कासचं आहे. हो, तोच. पोराला बार्सिलोनाला बोलावून दौऱ्यावर निघून गेलेला. १८५६मध्ये तोरेसनं बनवलेली 'ला लिओना', म्हणजे सिंहीण, ही गिटार आर्कास वाजवायचा. १८५८मध्ये सेव्हिलच्या प्रदर्शनात तोरेसला ब्राँझ पदक मिळालं.

त्यानं नेमकं केलं काय? हे जरा नीट सांगतो, कारण गिटार घेताना आजही हाच मुद्दा कामाला येतो.

गिटारची तार स्वतः फार आवाज करत नाही. तारेची थरथर ब्रिजमधून खाली लाकडाच्या वरच्या फळीत उतरते, आणि ती फळी हवा हलवते. आपण ऐकतो तो आवाज या फळीचा. तिला टॉप म्हणतात. फळी जितकी पातळ आणि हलकी, तितकी ती मोकळी थरथरणार. पण तारांचा ओढ काही साधा नसतो. आजच्या नायलॉनच्या सहा तारा मिळून चाळीसेक किलोंनी ओढतात, लोखंडी तारा त्याहून खूपच जास्त. पातळ फळी त्या ओढानं वाकणार, फाटणार. जाड केली तर टिकेल, पण मुकी होईल. सगळी गिटार-विद्या या भांडणात आहे.

तोरेसनं गिटारचं पोट मोठं केलं, फळी पातळ ठेवली, आणि तिच्या आतून पंख्यासारख्या पसरलेल्या बारीक पट्ट्या चिकटवल्या. अशा पट्ट्या त्याच्या आधीही कारागीर वापरायचे, पण त्यानं त्यांची मांडणी अशी बसवली, बऱ्याचदा सात पट्ट्यांची, की पुढच्या सगळ्यांनी तीच उचलली. तारेची लांबी ६५० मिलिमीटर ठेवली. आज कुठल्याही दुकानात जाऊन नायलॉन तारांची क्लासिकल गिटार मोजा, बहुतेक वेळा हाच आकडा येईल. (आपल्याकडे बहुतेकांकडे असते ती लोखंडी तारांची गिटार. तिचं घराणं वेगळं, अमेरिकन, आणि आतल्या पट्ट्या फुलीच्या आकाराच्या. पण टॉपचं गणित तिथेही तेच.)

आणि आपला मुद्दा सिद्ध करायला त्यानं १८६२मध्ये एक भन्नाट उद्योग केला. एक गिटार बनवली, जिची पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या होत्या. फक्त टॉप चांगल्या लाकडाचा. म्हणजे बाजू महागड्या लाकडाच्या असल्या काय आणि नसल्या काय, आवाज वरच्या फळीत आहे, हे त्याला दाखवायचं होतं. ती पुठ्ठ्याची गिटार आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे.

आता सांगा, आपण दुकानात काय बघतो? रंग. चमक. फ्रेटबोर्डवरची नक्षी. माझी पहिली गिटार मी काळी, चकचकीत, कडेला पांढरी रेघ असलेली म्हणून घेतली होती. टॉप प्लायवूडचा होता आणि तारा फ्रेटपासून इतक्या वर, की एफ कॉर्ड धरताना बोटं सुजायची. वर्षभर मला वाटत होतं, दोष माझ्या बोटांचाच आहे.

दोन गिटारी

तर १८६९. तोरेस पन्नाशी उलटलेला. समोर एक श्रीमंत व्यापारी आणि त्याच्यासोबत सोळा-सतरा वर्षांचा, डोळे बारीक करून बघणारा मुलगा. तारेगाचा शिष्य एमिलियो पुजोल यानं नंतर गुरूचं चरित्र लिहिलं, त्यात हा प्रसंग येतो.

तोरेसनं आधी एक साधी गिटार पुढे केली. विकायला ठेवलेली, बरी, परवडणारी. यात कसला अपमान नव्हता. कुठलाही दुकानदार कोवळ्या पोराला हेच दाखवेल. तारेगानं ती घेतली आणि वाजवली.

त्यानं काय वाजवलं हे काही मला सांगता येणार नाही. पण एक अंदाज बांधता येतो. या पोराच्या हातावर, थोड्याच दिवसांचा का होईना, आर्कासचा संस्कार होता. आणि आर्कासचा हात तोरेसला चांगला ठाऊक होता. वर पियानोची शिस्त, कॉफीहाउसांचा सराव, जिप्सींची संगत. एवढं सगळं एका साध्या गिटारमधून बाहेर पडताना तोरेसनं ऐकलं, आणि तो उठला. त्यानं दुसरी गिटार आणली. ही त्यानं काही वर्षांपूर्वी, १८६४मध्ये, स्वतःसाठी बनवली होती. विकायची नव्हती. ती त्यानं त्या पोरासमोर ठेवली.

पैसे कानेसानं दिले. गिटार तारेगाची झाली.

हा प्रसंग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला तो जरा फिल्मीच वाटला. गिटारच्या इतिहासात अशा गोष्टी आणखीही आहेत. १९१२मध्ये माद्रिदमध्ये आंद्रेस सेगोव्हिया नावाचा एकोणीस वर्षांचा पोरगा मानुएल रामिरेझच्या दुकानात मैफलीपुरती गिटार भाड्यानं मागायला गेला आणि वाजवणं ऐकून रामिरेझनं ती त्याला देऊनच टाकली. ती गिटार आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. दोन्ही गोष्टींत सांगणाऱ्यांनी थोडं मीठमसाला लावला असेलही. पण तोरेसच्या बाबतीत एक गोष्ट विसरता येत नाही, ती म्हणजे वेळ. त्याच सुमारास, १८६९-७०मध्ये, तोरेसनं सेव्हिलमधला गिटारचा धंदा बंद केला. जगातली सर्वांत चांगली गिटार बनवणारा हा माणूस अल्मेरियाला परत गेला आणि त्यानं तिथे चिनी मातीच्या भांड्यांचं दुकान टाकलं. कपबशा विकायला लागला. कारण गिटारीवर घर चालत नव्हतं.

म्हणजे ज्या क्षणी तो आपली स्वतःची गिटार दुसऱ्याच्या हातात देत होता, त्या क्षणी तो हे काम सोडायच्या बेतात असणार. मग ती गिटार देणं याचा अर्थ बदलतो. विक्री तर होतीच, पण आपण केलेलं काम जाताना कुणाच्या तरी हाती सोपवणंही होतं. हे अर्थात माझं वाचन. पुढे १८७५च्या सुमारास तोरेसनं पुन्हा गिटारी बनवायला घेतल्या, आणि त्यांच्या लेबलवर दुसरा कालखंड असं छापलं. शेवटपर्यंत पैसा काही फार मिळाला नाही. त्याच्या म्हातारपणी त्याला मदत करणाऱ्या एका पाद्र्यानं लिहून ठेवलंय की, तोरेसचं गुपित त्याच्या अंगठ्याच्या आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत होतं. फळी किती पातळ झाली, हे तो तिथे ओळखायचा. १८९२मध्ये तो गेला. ते गुपित लिहून ठेवण्यासारखं नव्हतंच.

पियानो की गिटार

ड्रीम गिटार हातात आली म्हणून सगळं सुटलं असं नाही. १८७४मध्ये कानेसाच्याच खर्चानं तारेगा माद्रिदच्या कॉन्झर्व्हेटरीत दाखल झाला. शिकायला काय गेला? पियानो आणि कॉम्पोझिशन. गिटार सोबत होती, पण गिटारचं करिअर ही कल्पनाच नव्हती. वडिलांची अट डोक्यात होती, आणि सगळ्या जगाचं म्हणणंही तेच होतं.

कॉन्झर्व्हेटरीचा संचालक एमिलियो अर्रिएता हा ऑपेरावाला माणूस. माद्रिदच्या अलाम्ब्रा थिएटरात तारेगाचं गिटारवादन झालं, ते त्यानं ऐकलं. त्यानंतर त्यानं तारेगाला पियानो बाजूला ठेवून गिटारच धरायला सांगितलं असं म्हणतात. त्याला या वाद्याची आणि वाद्याला त्याची गरज आहे, असा काहीसा त्याचा सूर होता. एका ऑपेरावाल्यानं हे म्हणणं म्हणजे आपल्याकडे एखाद्या बुजुर्ग गवयानं पोराला सांगावं, गाणं राहू दे, तू माउथ ऑर्गनच वाजव. धाडसच होतं. तारेगानं ऐकलं.

इथून पुढे ती तोरेसची गिटार आणि तो, असा जवळजवळ वीस वर्षांचा संसार आहे. मैफली, दौरे, शिकवण्या. १८८१मध्ये फ्रान्समध्ये लियाँला आणि मग पॅरिसला वाजवलं. लंडनलाही जाऊन आला. लंडनची हवा त्याला मानवली नाही, भाषा तर मुळीच नाही. 'लाग्रिमा', म्हणजे अश्रू, ही त्याची छोटीशी रचना त्याच घरच्या ओढीतून आली असं सांगतात. क्लासिकल गिटार शिकणारी पोरं पहिल्या एक-दोन वर्षांत हीच वाजवतात. जेमतेम दोन मिनिटांची, पण नीट वाजवून बघा.

नोव्हेल्दा नावाच्या गावात एका मित्राच्या जागी बदली वाजवायला गेला असताना त्याला मारिया होसे रिझो भेटली. पुढे लग्न झालं. संसार बार्सिलोनात मांडला. पैशाची ओढाताण कायमचीच. मोठ्या हॉलपेक्षा त्याला घरगुती बैठक आवडायची, दहा-पंधरा माणसं, मंद दिवा, आणि गिटार. याचं एक साधं कारण त्या वाद्यातच आहे. माइक नव्हते. तोरेसनं आवाज कितीही वाढवला तरी गिटार ती गिटारच, हजार माणसांच्या हॉलमध्ये शेवटच्या रांगेत ती पोचत नाही. तारेगानं आवाज मोठा करायचा नाद सोडला आणि ऐकणाऱ्यालाच जवळ बसवलं. धंद्याच्या दृष्टीनं हा निर्णय चुकीचाच म्हणायचा. पण त्याचं बरंच काम त्या लहान खोल्यांत उभं राहिलं.

काम म्हणजे काय, तर गिटारकडे वाजवायला मोठ्या लोकांचं संगीतच नव्हतं. तारेगानं बाख, बेथोव्हेन, शोपँ, मेंडेल्सनच्या रचना गिटारवर उतरवल्या. पियानोवरून. म्हणजे वडिलांनी लादलेला पियानो असा कामी आला. त्याचा मित्र इसाक अल्बेनिझ पियानोसाठी लिहायचा, ते तारेगा गिटारवर आणायचा. अल्बेनिझच्या काही रचना आज पियानोपेक्षा गिटारवरच जास्त ओळखीच्या झाल्यात.

आणि बसायची पद्धत! क्लासिकल गिटारवाले डाव्या पायाखाली छोटं स्टूल घेऊन, गिटार डाव्या मांडीवर ठेवून बसतात ना, ती सवय तारेगाच्या शिष्यांनी जगभर नेली. तोरेसची गिटार पोटानं मोठी, ती मांडीवर नीट टेकायला, डावा हात मोकळा राहायला हे स्टूल उपयोगी पडलं. गिटार बदलली की बसणं बदलतं, बसणं बदललं की बोटं बदलतात.

सगळ्यात गाजलेली रचना ग्रॅनडाची. कोन्सेप्सिओन गोमेझ दे हाकोबी ही श्रीमंत विधवा त्याची शिष्या आणि आश्रयदाती. बार्सिलोनात तिनं तारेगाच्या कुटुंबाला राहायला घर दिलं, आणि त्याला ग्रॅनडाला नेलं. तिथला अलाम्ब्राचा राजवाडा बघून 'रेकुएर्दोस दे ला अलाम्ब्रा' सुचली. यात एक जादू आहे, तिला ट्रेमोलो म्हणतात. अंगठा खाली सावकाश सूर वाजवत राहतो आणि वर तीन बोटं एकाच तारेवर एकामागून एक इतक्या भरभर पडतात की सूर तुटतच नाही. गिटारचा सूर मुळात छेडला की विझायला लागतो, सनईसारखा किंवा व्हायोलिनसारखा तो धरून ठेवता येत नाही. तारेगानं त्या विझण्यालाच असं फसवलं. डोळे मिटून ऐकलं तर दोन माणसं वाजवताहेत असं वाटतं.

नखं

सततच्या वाजवण्यानं १८६४ची ती गिटार झिजली. १८८९च्या सुमारास त्याला दुसरी घ्यावी लागली. नंतर घेतलेली वाद्यंही तोरेसचीच. म्हातारा अजून बनवत होता, तोवर दुसरीकडे जायचा प्रश्न नव्हता.

पण शोध थांबला नव्हता. आता तो वाद्यात नव्हता, बोटात होता. त्या काळी तारा आतड्याच्या असायच्या, खालच्या तीन जाड तारा रेशमावर धातूची बारीक तार गुंडाळलेल्या. नायलॉन आलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर. आतड्याच्या तारेवर नख लागलं की सूर टोकदार, चकचकीत येतो. नखाशिवाय, बोटाच्या मांसानं छेडलं की गोल, मऊ, पण लहान. जन्मभर नखांनी वाजवून तारेगानं १९०२मध्ये, पन्नाशीला टेकताना, नखं कापून टाकली. आवाज अजून लहान झाला. बसवलेलं सगळं तंत्र पुन्हा बसवायला लागलं. कानात एक सूर होता आणि त्याला तोच हवा होता.

याच्यावरून त्याच्या शिष्यांत दोन तट पडले, ते आजतागायत आहेत. पुजोलनं गुरूसारखी नखं कापली आणि जन्मभर तसाच वाजवत राहिला. मिगेल योबेत, सगळ्यात नावाजलेला शिष्य, नखं ठेवूनच वाजवायचा. सेगोव्हियाही नखवाला. पुढे मोठे हॉल आले, रेकॉर्ड आल्या, आणि नखवाले जिंकले. माझ्या मते आवाजाच्या हिशोबात तेच बरोबर होते. पण पन्नाशीत एका सुरासाठी हात पुन्हा पहिलीत बसवायचा, हे मला जमलं नसतं, एवढं कबूल करतो.

रिंगटोनवाली 'ग्रान वाल्स' याच १९०२ची. तीनेक मिनिटांची हलकीफुलकी रचना. त्याच्या मोठ्या कामात ती धरतही नाहीत.

१९०६च्या सुरुवातीला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली. गिटारवादकाचा उजवा हात म्हणजे त्याचा आवाज. तो घरातच बसून राहिला नाही. रोज वाजवायला बसायचा, बोटांना पुन्हा पहिल्यापासून शिकवायचा. हळूहळू हात थोडा परत आला, पुन्हा लोकांसमोरही वाजवलं. पूर्ण बरा मात्र कधीच झाला नाही. शिष्य येत होते, शिकवणी चालू होती.

शेवटची रचना 'ओरेमुस'. २ डिसेंबर १९०९ला ती पूर्ण केली. १५ डिसेंबरला बार्सिलोनात तो गेला, सत्तावन्न वर्षांचा. काही वर्षांनी त्याला तिथून हलवून कास्तेयोनला नेलं, जिथे पहिला आंधळा मास्तर त्याला तारा जुळवायला शिकवत होता.